मूठभर खताचा हिशेब

घरामागच्या चार वाफ्यांत कोणी किती खत घातले, याची चौकशी कोणी करत नाही. जमीन त्याची, भाजी त्याची, खतही त्याच्याच पैशाचे. मग विचारायचे कोणी आणि कशासाठी? बरीच वर्षे मलाही असेच वाटत होते. आता वाटत नाही. घातलेल्या खतातला जो भाग पिकाला लागत नाही, तो कुंपणापाशी थांबत नाही. आणि जो मातीतच साठून राहतो, तो त्या मातीबरोबर आपल्यानंतर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जातो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की माती तपासल्याशिवाय घरच्या बागेत बाहेरून आणलेले खत घालू नये, शेणखत आणि कंपोस्ट धरून कोणतेही. आणि ही तपासणी कोणालाही सहज करून मिळावी, हे सार्वजनिक व्यवस्थेने आपले काम मानावे.

‘शेणखत आणि कंपोस्ट धरून’ या शब्दांवर अनेकांच्या भुवया उंचावतात, हे मला माहीत आहे. रासायनिक खत मापात घालावे हे सगळ्यांना पटते. पण सेंद्रिय खत कितीही घातले तरी चांगलेच, ही समजूत बागकाम करणाऱ्यांत फार खोलवर रुजलेली आहे. माझ्यातही ती होती आणि तिने माझ्या एका वाफ्याचे नुकसान केले.

त्या वाफ्यातल्या टोमॅटोची कोवळी पाने पिवळी पडायची. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. रोप उपाशी आहे असे समजून मी कंपोस्ट घालत गेले. पुढच्या हंगामात पिवळेपणा वाढला, मी कोंबडीखतही घातले. तिसऱ्या हंगामातही तेच झाल्यावर माती तपासून घेतली. अहवालात सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा) ठीक, सेंद्रिय कर्ब उत्तम, पालाश (पोटॅशियम) जास्त आणि स्फुरद (फॉस्फरस) ‘अत्यंत जास्त’ असे होते. म्हणजे रोप उपाशी नव्हतेच. मातीत स्फुरद फार झाले की लोह आणि जस्त घेणे रोपाला अवघड जाते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. बहुतेक भाज्यांच्या मुळांशी राहून पाणी आणि अन्न पुरवणाऱ्या उपयुक्त बुरशीची वाढही जास्त स्फुरदामुळे मंदावते. उपासमारीसारखे दिसणारे लक्षण अतिरेकाचे होते आणि मी दर वेळी त्या अतिरेकात भर घालत होते. कितीतरी बागांत आज हेच चालू असणार, कारण पिवळे पान दिसले की हात खताच्या पिशवीकडेच जातो.

हिशेब मांडला की हे लगेच कळते. एक चौरस मीटर वाफ्यातून सहा किलो टोमॅटो निघाले असे धरा. त्या फळांबरोबर मातीतून साधारण आठ ग्रॅम नत्र (नायट्रोजन), दीड ग्रॅम स्फुरद आणि चौदा ग्रॅम पालाश बाहेर जाते. पाने-खोडे त्याच वाफ्यात कुजवली तर एवढेच वजा होते. आता त्याच वाफ्यावर अडीच सेंटीमीटर जाडीचा कंपोस्टचा थर द्या. हा काही मोठा थर नाही, पुष्कळ जण याच्या दुप्पट देतात. तो होतो पंचवीस लिटर, म्हणजे अंदाजे तेरा-चौदा किलो. त्यातले निम्मे पाणी. उरलेल्या कोरड्या वजनात ०.४ टक्के स्फुरद धरले तरी पंचवीस ग्रॅमच्या वर जाते. कंपोस्ट कशापासून केले त्यावर आकडा पुष्कळ बदलेल, पण मथितार्थ बदलणार नाही: एका थरात सतरा-अठरा पिकांना पुरेल इतके स्फुरद येते आणि आपण तो थर दर हंगामाला देतो.

गोम नत्रात आहे. कंपोस्टमधले बहुतेक नत्र सेंद्रिय रूपात अडकलेले असते. पहिल्या वर्षी त्यातले दहा टक्के, कधी थोडे जास्त, रोपाला मिळते. त्यामुळे नत्राची सगळी गरज कंपोस्टमधून भागवायची म्हटले की कंपोस्ट भरमसाट घालावे लागते आणि प्रत्येक घमेल्याबरोबर न मागितलेले स्फुरद येते. कोंबडीखतात तर नत्राच्या मानाने स्फुरदाचे प्रमाण आणखी जास्त असते. जास्तीचे नत्र पाण्याबरोबर वाहून किंवा हवेत उडून तरी जाते. स्फुरद मातीच्या कणांना धरून बसते आणि वर्षानुवर्षे हलत नाही.

यावरून कंपोस्ट वाईट असा अर्थ कोणी काढू नये. चिकणमाती मोकळी करणे, वाळूमिश्रित मातीत ओल धरून ठेवणे, गांडुळांना आणि सूक्ष्मजीवांना खाद्य पुरवणे, ही कामे सेंद्रिय पदार्थच करतो. आपल्याच बागेतला पाला, काड्या आणि निंदलेले गवत कुजवून परत त्याच मातीत घातले तर हिशेब बिघडतही नाही, कारण जे तिथून निघाले तेच तिथे परतते. बिघडतो तो बाहेरून पिशव्यांवर पिशव्या आणल्या की. आणि खत घातले नाही तर माती मरेल, ही धास्तीही अवाजवी आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे १८४३ पासून एका शेतात गहू घेतला जातो. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून खत दिलेले नाही. तो पट्टा आजही हेक्टरी सुमारे एक टन गहू देतो. पीक तुटपुंजे आहे, हे खरेच. पण पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ खताशिवाय तगलेली माती एका हंगामात हात आखडता घेतल्याने बसकण मारणार नाही.

मग स्फुरद न वाढवता नत्र आणायचे कुठून? इथे पिकांची फेरपालट कामी येते. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र धरतात, हे हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ साली दाखवून दिले. त्याच्या कितीतरी आधीपासून शेतकऱ्यांना अनुभवाने ते ठाऊक होते. मराठीत तर त्यासाठी ‘बेवड’ असा नेमका शब्द आहे: आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी मागे ठेवलेला जमिनीचा कस. चवळीचा बेवड, हरभऱ्याचा बेवड असे आपण म्हणतो. बागेत हा शब्द परत आणायला हवा, कारण त्यात जमाखर्च आहे. कोणते पीक काय घेऊन गेले, काय ठेवून गेले, आणि त्यावर पुढे काय लावायचे. द्विदलांचा बेवड नत्र देतो आणि त्याच्याबरोबर बाहेरचे ग्रॅमभरही स्फुरद आणत नाही. परसबागेत फेरपालटीचे याहून मोठे कारण मला दिसत नाही.

पण बागकामाच्या सल्ल्यांत फेरपालट विकली जाते ती रोग घालवण्याचा उपाय म्हणून, आणि तिथे जरा हात राखून बोलायला हवे. शेतकरी पीक एका शेतातून दुसऱ्या शेतात नेतो तेव्हा मध्ये खरोखर अंतर पडते. आपल्या वाफ्यांत अंतर असते दोन पावलांचे. खुरप्याला, चपलेला लागलेली माती आणि वाहते पाणी रोग इकडून तिकडे नेतात. कोबीवर्गाच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या रोगाचे बीजाणू मातीत पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकतात. तीन वर्षांच्या फेऱ्याने ते जाणार नाहीत. टोमॅटो-बटाट्याचा उशिराचा करपा वाऱ्यावर येतो, त्याला वाफा कोणता याचे सोयरसुतक नसते. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे सूक्ष्म कृमी, टोमॅटोवर जगतात तसे भेंडीवर, काकडीवर, गाजरावर आणि घेवड्यावरही जगतात. टोमॅटोनंतर घेवडा लावून त्यांची उपासमार होत नाही. तिथे झेंडूचा दाट वाफा किंवा सूत्रकृमींना दाद न देणारे वाण अधिक उपयोगी पडते. मर रोगाची बुरशी कमी असेल तर फेरपालटीने तिचा जोर कमी होतो, एवढे नक्की. म्हणून फेरपालट करावीच, पण रोग गेला नाही म्हणून तिच्यावरचा विश्वास उडू देऊ नये. तिचे मुख्य काम वेगळे आहे.

ते काम नीट व्हायचे तर तपशील सांभाळावे लागतात. सगळ्यात आधी कुळे ओळखावीत. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही भावंडे आहेत. वांग्यानंतर मिरची लावणे म्हणजे फेरपालट नव्हे. मुळा हा गाजराचा कोणी लागत नाही, तो कोबी-मोहरीच्या घरचा. गाजर कोथिंबिरीच्या घरचे. पालक आणि बीट एकाच कुळातले. भेंडी मात्र बागेत बहुधा एकटीच असते आणि म्हणून कुठल्याही फेऱ्यात सोयीने बसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. वाटाणा लावला म्हणजे मातीत नत्र आलेच, असे होत नाही. झाडाने गोळा केलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांत जातो आणि आपण शेंगा तोडतो. वर झाड मुळासकट उपटून फेकले तर वाफ्याच्या हाती फार थोडे लागते. शेंगांसाठी लावलेले झाड जमिनीलगत कापून मुळे आत राहू द्यावीत आणि पाला तिथेच अंथरावा. खरा बेवड हवा असेल तर एखाद्या वाफ्यात शेंगांचा मोह सोडून ताग किंवा चवळी फुलावर येताच कापून मातीत गाडावी. अशा हिरव्या गाडलेल्या पिकाच्या खताने कर्बही वाढतो आणि नत्रही, स्फुरदाची मात्र भर पडत नाही. गाठी काम करत आहेत की नाहीत हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही: एक रोप हलक्या हाताने काढून गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आणि ज्या मातीत आधीच नत्र भरपूर आहे तिथे द्विदले गाठी कमी करतात. आयते मिळत असताना जिवाणू पोसायचा खर्च झाड करत नाही. म्हणजे द्विदलांच्या वाफ्यात युरिया टाकणारा माणूस दोन्हीकडून गमावतो.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येते. एका बागेतल्या मूठभर खताने कुणाचे काय बिघडते, असे विचारतात. उत्तर शोधायला पाण्याकडे पाहावे लागते. १९७३ साली कॅनडात, ऑन्टारिओच्या वायव्य भागातल्या एका तलावाला मधोमध पडदा घालून त्याचे दोन भाग केले गेले. एका भागात कर्ब आणि नत्र सोडले, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरद मिळालेल्या भागातले पाणी शेवाळाने हिरवेगार झाले, दुसरा भाग स्वच्छ राहिला. असल्या शेवाळामुळे पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि काही प्रकार विषारीही असतात. तलावात पोचणारे स्फुरद मुख्यत्वे शेतांतून आणि सांडपाण्यातून येते, हे मी नाकारत नाही. पण बागेचा वाटा क्षुल्लक म्हणून सोडून देणे मला मान्य नाही, कारण शेतकऱ्याला खताचा खर्च पिकातून भरून काढावा लागतो, तो कुठेतरी थांबतो. बागवाल्याला असे कोणतेही बंधन नाही. दर चौरस मीटरला पडणारे खत परसबागेत शेतापेक्षा कितीतरी जास्त असू शकते, आणि घरांच्या मधली जमीन फरशी, डांबर आणि गटारांनी वेढलेली असल्याने स्फुरद धरून बसलेले मातीचे कण घेऊन वाहून जाणाऱ्या गढूळ पाण्याला अडवणारे काही नसते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने या बाबतीत जे केले ते मला पटते. तिथल्या कायद्याने घरापुढच्या शोभेच्या हिरवळीवर (लॉनवर) स्फुरद असलेले खत टाकायला मनाई केली. २००५ पासून ती राज्यभर लागू आहे. सवलत आहे ती नवी हिरवळ लावणाऱ्याला, किंवा माती तपासून स्फुरद कमी असल्याचे दाखवणाऱ्याला. म्हणजे खताला बंदी नाही. गरज आहे हे आधी सिद्ध करा, मग घाला, असा तो नियम आहे. भाजीपाल्याच्या आणि फुलांच्या बागा त्यातून वगळल्या आहेत. तिथे मात्र माझा मतभेद आहे. भाजीच्या वाफ्यात खताचा सढळपणा हिरवळीपेक्षा जास्त असतो. दंड, निरीक्षक, घरोघर तपासणी असले काही मला नको आहे. ते अन्यायाचेही होईल आणि निरुपयोगीही. पण ‘आधी तपासणी, मग खत’ हे तत्त्व भाजीच्या बागेलाही लागू आहे, एवढे सार्वजनिक संस्थांनी स्पष्ट बोलायला काय हरकत आहे?

बोलण्याआधी त्यांनी सोय मात्र करायला हवी. माती तपासणीची रचना मुख्यतः शेतासाठी झालेली आहे आणि अहवालही शेताच्या भाषेत येतो: हेक्टरी इतके किलो. दहा चौरस मीटरच्या बागवाल्याने त्याचे करायचे काय? खरे तर भाषांतर सोपे आहे. हेक्टरी शंभर किलो म्हणजे चौरस मीटरला दहा ग्रॅम. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे दहा ग्रॅम नत्रासाठी युरिया लागतो बावीस ग्रॅम, तोही एकदम न देता हप्त्यांनी. आपली मूठ एकदा वजनकाट्यावर रिती करून पाहावी. बहुतेकांची मूठ याहून मोठी निघेल. हा हिशेब अहवालातच करून दिला आणि शेणखत-कंपोस्टची शिफारसही चौरस मीटरला किती लिटर अशी छापली, तर किती बागा वाचतील! नमुना कसा घ्यायचा हेही तिथेच सांगावे: वरचा पालापाचोळा बाजूला करून दहा-बारा ठिकाणांहून पंधरा-वीस सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्यायची, एकत्र मिसळायची, सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो पाठवायची. नुकतेच खत घातलेल्या वाफ्यातली नाही. जुन्या रंगाच्या इमारतीलगत किंवा वर्दळीच्या रस्त्याकडेला बाग असेल तर शिशाची तपासणी त्यातच व्हावी. शिसे घातलेले पेट्रोल जगात २०२१ पर्यंत कुठे ना कुठे विकले जात होते, आणि त्यातले शिसे अजून मातीत आहे.

पिशवीवरच्या मजकुराचीही तीच गत. रासायनिक खताच्या पिशवीवर १९:१९:१९ वाचून माणसाला वाटते की नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के आहेत. प्रत्यक्षात स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात मोजायची जुनी रीत आहे. मूळ स्फुरद त्यात आठ टक्क्यांच्या आसपास भरते. हे निदान आकड्यात तरी लिहिलेले असते. कंपोस्टच्या पिशवीवर पुष्कळदा तेही नसते. ‘सेंद्रिय’ आणि ‘नैसर्गिक’ हे दोन शब्द आणि हिरव्या पानाचे चित्र. नत्र किती, स्फुरद किती, क्षार किती, मूळ माल कोणता, हे सेंद्रिय खताच्या प्रत्येक पिशवीवर सक्तीचे असले पाहिजे. मूळ माल यासाठी की काही तणनाशके गवतातून जनावराच्या पोटात जातात, शेणातून बाहेर पडतात आणि कुजण्याच्या प्रक्रियेतही टिकतात. क्लोपायरालिड आणि अमिनोपायरालिड ही त्यांतली दोन. असे खत पडले की टोमॅटोची आणि घेवड्याची पाने नेच्यासारखी मुरडतात, आणि बागवाला दोष देतो स्वतःच्या हाताला. शंका असेल तर त्या खतात माती मिसळून कुंडीत वाटाण्याचे चार दाणे टोकावेत. दोन-तीन आठवड्यांत पानेच सांगतात.

एवढे मोजमाप केले तर बागेतला आनंद जाईल, असे एका जुन्या मैत्रिणीने मला सांगितले. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि माती चिमटीत घेऊन वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, ओळखण्याची तिची जाण कुठल्याही अहवालाहून सरस आहे. पण वाफसा बोटांना कळतो, स्फुरद कळत नाही. ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि जास्त झाल्याचे पिकाने सांगितले तरी ते कमी पडल्यासारखेच सांगते. जे इंद्रियांना कळते तिथे अनुभवावर विसंबावे. जे कळत नाही तिथे दोन-तीन वर्षांतून एकदा मोजावे. शिवाय माझ्या बागेत मोजण्याने कामच कमी झाले. घमेली वाहणे थांबले.

त्या टोमॅटोच्या वाफ्याला गेली चार वर्षे बाहेरचे काही घातलेले नाही. दर वर्षी एक हंगाम चवळी, फुलावर आली की कापून गाडलेली. मग मका, भोपळा असे खादाड पीक. आच्छादनाला बागेतलाच पाला. पाने पुन्हा हिरवी झाली आहेत, पण स्फुरद अजून ‘जास्त’च्या रकान्यात आहे. दीड-दीड, दोन-दोन ग्रॅमने ते उतरते आहे. या महिन्यात चवळी पुन्हा पेरली आहे, आणि पुढचा नमुना दोन वर्षांनी पाठवायचा असे वहीत लिहून ठेवले आहे.